बोरूतला मोठ्या चोचीचा वटवट्या: नक्की ओळखायचा कसा?

कमळपक्षी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

काल पहाटे उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेले होते, भिगवणच्या अलीकडे जिथे पाणी पार उसाला येऊन टेकतं त्या अंगाला. रोहित पक्षी लांब होते, धुकंही होतं, म्हणून काठावरच्या पाणकणसांसमोर बांधावर बसून राहिले. पंधरावीस मिनिटांनी अगदी बुडख्याशी काहीतरी हललं आणि एक तपकिरी, साधा, अंगावर ना रेघ ना ठिपका असा वटवट्या दांडा धरून तिरका तिरका वर सरकत आला, पाण्याच्या कडेचं काहीतरी टिपलं आणि परत आत. मोजून सात-आठ सेकंद. तीन फोटो मिळाले, त्यातला एक बरा आहे, खाली टाकलाय.

घरी येऊन फोटो मोठा केला आणि झोपच उडाली. चोच बघा! एवढ्याशा जिवाला एवढी लांब चोच? ब्लिथचा बोरू वटवट्या मी दर हिवाळ्यात बघते, त्याची अशी चोच बघितल्याचं आठवत नाही. मग रात्री दोनपर्यंत वाचत बसले आणि लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरपाशी, म्हणजे मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्यापाशी, येऊन अडकले. हा आपल्या भागात दिसू शकतो का, आणि दिसला तर नुसत्या डोळ्यांनी किंवा फोटोवरून ओळखता येतो का? ज्यांनी बोरूतले वटवटे खूप बघितलेत त्यांनी कृपया सांगा. मी अजून कुठेही नोंद केलेली नाही.

---

दुर्बीणवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३२

बाई गं! तो निघाला तर गाव लोटेल तिकडे. धाग्यावर बसून राहतो.

---

झुडूपवासी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४७

फोटो बघितला. छान आलाय, पण चोच कॅमेऱ्याकडे जरा वळलेली आहे आणि पक्षी मान लांब करून आहे. अशा कोनात कुठलाही वटवट्या लांबचोच्या वाटतो, त्यामुळे आज रात्री तरी झोप घे.

आता नीट लिहितो, कारण हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. बोरूत किंवा पाणकणसात साधा तपकिरी वटवट्या दिसला की पहिल्यांदा आकार बघायचा. बुलबुलाएवढा दांडगा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजात भांडल्यासारखा ओरडणारा असेल तर तो मोठा बोरू वटवट्या, इंग्रजीत क्लॅमरस म्हणतात तो. १८-१९ सेंमी भरतो, त्यात गोंधळ व्हायचं कारण नाही. चिमणीपेक्षा बारीक असेल तर मग डोळ्यावरची भुवई. ठळक पांढुरकी, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, वर काळसर कड, चोच आखूड आणि खालच्या चोचीचं टोक काळं, शेपूट जरा लांब आणि सारखी वर-खाली, तर तो पॅडीफिल्ड वॉर्बलर. भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंतच, पुढे जरा फुगीर आणि डोळ्यामागे विरून गेलेली, अंग मळकट राखी-तपकिरी, चोच बऱ्यापैकी लांब, तर तो ब्लिथ. आणि झुडपात दिसलेला फिकट, चौकोनी शेपटीचा, शेपटीच्या कडा पांढुरक्या असलेला असेल तर बूटेड किंवा साइक्स वॉर्बलर, ते कुळाने यांच्यातलेच पण गट वेगळा.

आता अडचण अशी की तू म्हणतेस तो पक्षी या सगळ्यांत ब्लिथसारखाच दिसतो. जवळजवळ हुबेहूब. फरक म्हणजे चोच काही मिलिमीटरने लांब आणि बुडाशी रुंद, खालची चोच टोकापर्यंत फिकट गुलाबी (ब्लिथच्या खालच्या चोचीच्या टोकाशी बहुतेक वेळा काळपट डाग असतो), नख्या लांब, आणि शेपटीची पिसं टोकाला जास्त निमुळती. लांबून दुर्बिणीतून यातलं काय काय दिसणार, तूच सांग.

---

स्वाती_पुणेरी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

याचं मराठी नाव काय हो? दर वेळी एवढं लांबलचक लिहायचं म्हणजे.

---

रानवाटसरू | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

@स्वाती, चोचल्या म्हणा. नाहीतरी आपण सगळे त्याचे चोचलेच पुरवतोय.

---

स्वाती_पुणेरी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४४

मंजूर :) आजपासून चोचल्या.

---

पाणथळ_अण्णा | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

चोचल्याची गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो, कारण ती माहीत झाल्याशिवाय झुडूपवासी एवढे सावध का बोलतायत ते कळणार नाही.

१८६७ सालची १३ नोव्हेंबर. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा मोठा हात होता तेच, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ होते. तिथे त्यांनी एक वटवट्या मारून जमा केला. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास असाच चालायचा, आधी बंदूक आणि मग वही. पक्षी त्यांना वेगळा वाटला, १८६९ मध्ये त्यांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला. त्यांनी दिलेलं नाव आधीच दुसऱ्या पक्ष्याला दिलेलं निघालं, म्हणून १९०५ साली ओबरहोल्सर या पक्षीशास्त्रज्ञाने ते बदलून ॲक्रोसेफॅलस ओरिनस केलं. ओरिनस म्हणजे डोंगरातला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि मग? मग काही नाही. तो एकच नमुना इंग्लंडच्या संग्रहालयाच्या खणात पडून राहिला. तसा दुसरा कुणाला मिळेना, म्हणून मोठमोठ्या जाणकारांनी ठरवलं की ही वेगळी जात नाहीच, क्लॅमरसचाच एखादा वेडावाकडा नमुना असेल, नाहीतर संकर. २००२ साली बेन्श आणि पिअरसन या संशोधकांनी त्या जुन्या कातड्यातून डीएनए काढून तपासला आणि ह्यूमचं बरोबर ठरलं, जात वेगळीच. पण जिवंत पक्षी कुठाय?

२७ मार्च २००६. थायलंडमध्ये फेत्चबुरीजवळ लाम फाक बिया म्हणून ठिकाण आहे, तिथे सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प आहे. पक्षीशास्त्रज्ञ फिलिप राउंड जाळं लावून पक्ष्यांच्या पायात ओळखीच्या कड्या घालत होते. जाळ्यात एक बोरू वटवट्या आला, त्यांना वाटलं ब्लिथ, पण चोच लांब आणि पंख आखूड. त्यांनी मापं घेतली, फोटो काढले, दोन पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला. पिसं स्वीडनला बेन्शकडे गेली, आणि तिथून उत्तर आलं की हा तोच. १३९ वर्षांनी.

तर ज्या माणसाने आयुष्यभर हे पक्षी हातात धरले त्यालासुद्धा पक्षी हातात असताना खात्री देता आली नाही, पिसं पाठवावी लागली. आपण तर बांधावर बसून बघतोय.

---

मेघना_फोकस | १० फेब्रुवारी, दुपारी २:०५

अण्णा, अंगावर काटा आला वाचताना. सांडपाण्याच्या प्रकल्पात सापडला हे तर फारच आवडलं, आपणही बरेचदा अशाच वास मारणाऱ्या जागी उभे असतो.

---

हेमंतऋतू | १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

मला एक वेगळं मत मांडायचंय, झुडूपवासी आणि अण्णा दोघांबद्दल आदर ठेवून. हातात धरल्याशिवाय ओळखताच येत नाही असं म्हटलं की नवीन लोक शोधणंच सोडतात. "असेल ब्लिथ" म्हणून पुढे जातात. माझं म्हणणं असं की फोटो चांगला असेल, बाजूने, खालून, चोच मिटलेली, तर निदान शंका तरी घेता येते. शंकाच घेतली नाही तर तो पक्षी समोरून गेला तरी कळणार नाही. ह्यूमनेही शंकाच घेतली होती ना?

---

झुडूपवासी | १० फेब्रुवारी, रात्री ९:१८

@हेमंतऋतू, शंका घ्यायला माझी ना नाही. नोंद करायला आहे. "चोचल्या दिसला" असं एकदा लिहिलं की ती नोंद नकाशावर जाते, पुढच्या वर्षी पाच जण तिथे तो "बघून" येतात, आणि खरा बघणारा आला की त्याला कुणी खरं मानत नाही. गेल्या काही वर्षांत अशा किती फोटोंवर मी रात्री घालवल्यात म्हणून सांगू. बहुतेक सगळे लांब चोचीचे ब्लिथ. ब्लिथमध्ये चोचीची लांबी बरीच कमीजास्त असते, आणि ते आपल्याकडे इतक्या संख्येने येतात की लांबचोचे ब्लिथ भेटणारच.

म्हणून माझं नेहमीचं सांगणं एकच, आधी शंभर ब्लिथ नीट बघा. एकशेएकावा वेगळा असेल तर तो आपोआप खुपेल.

---

चिंटूकाका | १० फेब्रुवारी, रात्री ९:५१

शंभर ब्लिथ नीट बघायला शंभर हिवाळे लागतील साहेब, तो बाहेर येतो कुठे? आम्ही फक्त "चक" ऐकून घरी येतो.

---

पाणथळ_अण्णा | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

चिंटूकाका, "चक" ऐकू येतं म्हणजे अर्धं काम झालं की. जिभेचं टोक टाळूला लावून आपण बैलाला हाकताना करतो तसा कोरडा, सुटा आवाज. थोडा वेळ गेला की परत, तसाच. ब्लिथ हिवाळ्यात आपापली हद्द राखतो, त्यामुळे ज्या झुडपात आज "चक" ऐकलं त्याच झुडपात उद्याही तोच मिळणार. मग चालत फिरायचंच नाही, एक झुडूप धरायचं.

माझी पद्धत सांगतो. सूर्य पाठीशी, उजाडल्यापासून तासाभराच्या आत, वारा पडलेला असताना. वारा असला की सगळीच कणसं हलतात, मग पक्षी कुठला नि पातं कुठलं? बोरूच्या मधोमध बघायचं नाही. जिथे बोरू संपून पाणी सुरू होतं, किंवा जिथे म्हशींनी वाट पाडलीय, त्या कडेवर नजर ठेवायची, कारण किडे तिथेच येतात. दुर्बीण डोळ्याला लावून ठेवायची नाही, नुसत्या डोळ्याने हालचाल पकडायची. एकच दांडा हलला नि शेजारचे स्थिर राहिले तर तिथे कुणीतरी बसलंय. मग दुर्बीण. पाय दुखले तरी उठायचं नाही, बरोबर तेव्हाच तो बाहेर येतो.

---

रानवाटसरू | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

एवढं करण्यापेक्षा मोबाईलवर त्याचा आवाज लावला तर? दोन मिनिटांत बाहेर.

---

मेघना_फोकस | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

नको रे दादा. त्याला वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसलाय, आणि तो सगळं खाणंपिणं सोडून आपल्यामागे लागतो. अजून दोन महिन्यांनी त्याला इथून सायबेरियापर्यंत उडायचंय, अंगावर चरबी चढवायचे हे दिवस. आपल्या एका फोटोसाठी नको.

---

रानवाटसरू | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:५८

पटलं. मागे घेतो.

---

कमळपक्षी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. झुडूपवासी, चोच वळलेली आहे हे मला दिसलंच नव्हतं, आता दिसतंय. शनिवारी परत जाते, अण्णा सांगतात तसं एकाच जागी बसून.

एक प्रश्न राहिला. चोचल्याचं घर कुठे? म्हणजे उन्हाळ्यात तो जातो कुठे? आणि बोरू वटवट्या म्हणजे त्याला बोरूच लागणार ना?

---

झुडूपवासी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

उत्तम प्रश्न, आणि उत्तर ऐकून गंमत वाटेल. अण्णा म्हणाले होते ना, ओरिनस म्हणजे डोंगरातला? २००८ मध्ये अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला वाखानच्या पट्ट्यात पक्ष्यांची पाहणी चालू होती. रॉबर्ट टिमिन्स यांनी तिथे एका गाणाऱ्या वटवट्याचा आवाज रेकॉर्ड केला, तो ओळखीचा निघेना. संग्रहालयातले नमुने बघितल्यावर संशय पक्का झाला, पुढच्या वर्षी परत जाऊन जाळी लावली आणि जवळजवळ वीस पक्षी मिळाले. डीएनएने शिक्कामोर्तब केलं. ताजिकिस्तानातही पंज नदीच्या काठाने तो घरटी करतो हे त्याच सुमाराला कळलं.

आणि राहतो कुठे, तर बोरूत नाही! अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, नदीकाठच्या वाळुंज आणि सी-बकथॉर्नच्या काटेरी दाट झुडपांत. म्हणजे नावात बोरू आणि घर काट्यात. ब्लिथचंही तसंच आहे, त्याच्या शास्त्रीय नावातलं ड्युमेटोरम म्हणजे झुरमटातला. तो आपल्याकडे आंब्याच्या बागेत, घाणेरीच्या जाळीत, बंगल्याच्या कुंपणातही राहतो. तेव्हा बोरूत नाही म्हणून ब्लिथ, आणि बोरूत आहे म्हणून चोचल्या, असा हिशेब करू नका.

शिवाय यातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००६ नंतर लोकांनी संग्रहालयांतले जुने खण उघडून बघितले तर "ब्लिथ" अशी चिठ्ठी लावलेले काही पक्षी प्रत्यक्षात चोचल्ये निघाले. त्यातले काही तर शंभराहून जास्त वर्षं तिथेच पडून होते.

---

हेमंतऋतू | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

बघा, म्हणजे माझाही मुद्दा खरा ठरला की! "असेल ब्लिथ" म्हणून चिठ्ठी लावली आणि शंभर वर्षं गेली.

---

झुडूपवासी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:५२

हे मात्र मान्य. शंभर टक्के.

---

दुर्बीणवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

अवांतर: ह्यूमसाहेबांचा विषय निघालाच आहे म्हणून. पंचवीस वर्षं जमवलेली त्यांची हस्तलिखितं सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दीत विकली, हे खरं आहे ना? मी वाचलं तेव्हा दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

---

पाणथळ_अण्णा | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

खरं आहे. बाजारात रद्दीच्या भावाने गेलं सगळं. त्यानंतर त्यांचा पक्ष्यांतला रसच संपला. ऐंशी हजारांच्या आसपास नमुन्यांचा संग्रह होता, तो त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. देऊन टाकला म्हणून तर रामपूरचा तो एक वटवट्या टिकला, नाहीतर आज डीएनए कशातून काढला असता?

---

बाभूळबन | १३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

मी तुमच्यासारखा पक्षीवाला नाही, फुगवट्याच्या काठाला माझी अडीच एकर आहे आणि हा धागा सकाळपासून वाचतोय. चांगलं वाटलं वाचून. पण एक सांगतो, त्या पाणकणसांचं आम्हाला काय होतं ते पण ऐका. पाणी उतरायला लागलं की मोटारीचा पाईप पुढे पुढे न्यावा लागतो, फूटव्हॉल्व्ह या कणसांच्या मुळ्यांत आणि गाळात अडकतो, रात्री बाराला लाईट आली की पाण्यात उतरून हाताने काढावं लागतं. साप असतात. म्हणून लोक पेटवून देतात. हौस म्हणून नाही.

---

मेघना_फोकस | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही सकाळी दोन तास येतो नि जातो, तुम्ही तिथे राहता. सगळं न पेटवता नुसता पाईपापुरता पट्टा कापला तर चालेल का? म्हणजे मोटारीची वाट मोकळी आणि बाकीचं उभं?

---

बाभूळबन | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

चालतं की. मी तसंच करतो, कोयत्याने दहा फुटी वाट पाडतो. कापलेलं म्हशींखाली अंथरायला होतं. पण सगळ्यांना वेळ नसतो, काडी लावली की पाच मिनिटांत काम होतं.

---

कमळपक्षी | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

आज गेले होते. सकाळी पावणेसातपासून दहापर्यंत एकाच बांधावर. पक्षी एकदाही पूर्ण दिसला नाही, पण "चक" ऐकलं, चौदा वेळा, मोजलं. एकदा शेपूट दिसली. पिवळा धोबी पायाशी येऊन गेला, जांभळ्या पाणकोंबडीने पिल्लासारखं ओरडून घाबरवलं. अण्णा, पाय दुखल्यावर उठलेच शेवटी, आणि माझ्या मागे तो बाहेर आला असणार याची खात्री आहे.

---

चिंटूकाका | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४४

चौदा "चक"! वा, पोरी. आम्ही कधी मोजले नाहीत.

---

स्वाती_पुणेरी | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

एक शंका. जाळं लावून पकडून का बघत नाही कुणी? एकदाचं कळेल तरी.

---

झुडूपवासी | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

कुणालाही लावता येत नाही, ताई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि ती प्रशिक्षण घेतलेल्या, संस्थेसोबत काम करणाऱ्यांना मिळते. बारीक जाळ्यातून पक्षी सोडवणं हे बोटांचं काम आहे, चुकलं तर पाय मोडतो. आपल्यासारख्यांनी फोटो आणि आवाज एवढ्यावरच थांबावं.

---

कमळपक्षी | १८ एप्रिल, रात्री ९:०५

धागा वर काढतेय, दोन महिन्यांनी. मार्चमध्ये परीक्षांच्या कामात अडकले होते.

मधल्या काळात ती पाणकणसं गेली. काठावरचा जवळजवळ सगळा पट्टा जळून काळा झालेला, फक्त एका मोटारीच्या पाईपाच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत (बाभूळबन दादा, ती तुमचीच का?). मी बांधावर उभी राहिले आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. परत फिरणार तेवढ्यात बांधामागच्या वेड्या बाभळीतून "चक".

काट्यातून! मला झुडूपवासींचं वाखान आठवलं आणि मी तिथेच खाली बसले. साडेसहा वाजले असतील, वारा अजिबात नव्हता. दहा मिनिटांनी तो गायला लागला. ब्लिथ इथे गातो हे मला माहीतच नव्हतं. मोठ्याने नाही, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं. एक तुकडा घ्यायचा, तोच परत, परत, सहा-सात वेळा, मग मध्ये "चक चक", मग दुसरा तुकडा. घाई अजिबात नाही. त्यातला एक तुकडा अगदी शिंपी पक्ष्यासारखा होता आणि दोन-तीन असे की ते मी या भागात कधी ऐकलेलेच नाहीत, शिट्टीसारखे, वर चढत जाणारे. कुठल्या देशातल्या कुठल्या पक्ष्याचे घेऊन आला असेल? एकेचाळीस मिनिटं ऐकत होते.

मग तो फांदीच्या टोकाला आला. माझ्या डोक्याच्या वर, हातभर लांब फक्त, खालून संपूर्ण चोच समोर. गाताना उघडायची, मिटायची. खालची चोच पिवळसर गुलाबी आणि टोकाशी बोटाने काजळ पुसल्यासारखा डाग. स्पष्ट. फोटो टाकतेय, पाच आहेत, एक बाजूने चोच मिटलेली पण आहे. चोच लांबच आहे हं, फेब्रुवारीतल्या फोटोएवढीच.

---

झुडूपवासी | १८ एप्रिल, रात्री ९:४०

किती सुंदर फोटो आहेत! ब्लिथ. डाग स्पष्ट आहे, भुवई डोळ्यामागे विरलेली, आणि तू लिहिलंस ते गाणं, तेच तेच सावकाश परत परत म्हणायचं आणि मध्ये "चक", ती त्याची खूणच आहे. जायच्या आधी एप्रिलमध्ये असे गायला लागतात. रशियात, फिनलंडमध्ये रात्रभर गातात म्हणे, आपल्याला फक्त तालमीतलं ऐकायला मिळतं. शिट्ट्यांचे तुकडे तिकडून नाहीतर वाटेत कुठेतरी उचललेले असणार, तो पक्का नकलाकार आहे.

फेब्रुवारीतला पक्षी हाच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. जागा तीच, चोच तशीच, शक्यता मोठी, पण तेव्हा खालची चोच दिसली नव्हती.

---

कमळपक्षी | १८ एप्रिल, रात्री ९:५५

म्हणून आजची नोंद ब्लिथ आणि ८ फेब्रुवारीची नुसती "बोरू वटवट्या, जात अनिश्चित". आत्ताच भरली.

---

हेमंतऋतू | १८ एप्रिल, रात्री १०:०८

शाब्बास. फोटो मात्र जपून ठेव, तिन्ही. खण उघडणारं कुणीतरी भेटतं.

---

पाणथळ_अण्णा | १९ एप्रिल, सकाळी ५:४५

एकेचाळीस मिनिटं उठली नाहीस ना? मला तेवढंच बघायचं होतं. गाण्याचं रेकॉर्डिंग केलं असशील तर इथे टाक, ती चढती शिट्टी मला ऐकायची आहे, कान अजून शाबूत आहेत.

---

बाभूळबन | १९ एप्रिल, सकाळी ६:१०

ताई, पाईपाजवळची उभी आहेत ती माझीच. वेडी बाभूळ पण माझ्याच बांधावरची, यंदा तोडणार होतो, पावसाळ्यापर्यंत राहू देतो. पुढच्या वेळी आलात की हाक मारा, चहा घरीच घ्या, बांधावरून पत्रा दिसतो ना निळा, तेच घर.

---

कमळपक्षी | १९ एप्रिल, सकाळी ६:३२

दादा, नक्की येते. अण्णा, रेकॉर्डिंग आहे, मागे दादांच्याच मोटारीचा आवाज येतोय पण तिसऱ्या मिनिटाला मोटार बंद पडते, तिथून ऐका.